पहिल्या तारेची करकर

युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, हातात घेतलं की पहिल्या आठवड्यात माणसाला एवढंच कळतं, की आपल्या डाव्या हाताची बोटं आजवर नुसती शोभेला होती. पेडललाही तेच कळलं. पेडल हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर यंत्रात बोलून ठेवणार, ही हेडफोन लावून ऐकणार आणि टाइप करणार. टेबलाखाली पायाशी एक पेडल. ते दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प बसतात, टाचेनं दाबलं की बोललेलं पुन्हा बोलतात. "अख्ख्या इस्पितळात डॉक्टरांना पायाखाली ठेवणारी मी एकटीच," अशी तिनं ऑनलाइन गटात स्वतःची ओळख करून दिली, आणि तिचं नाव पेडल पडलं ते पडलंच.

गटाचं नाव 'चार तारा'. वीस-बावीस माणसं, कोण कुठली कोण जाणे, सगळी पन्नाशीच्या अलीकडची-पलीकडची आणि सगळी नवशिकी. कॅप्टन म्हणून जो होता तोही काही उस्ताद नव्हे, विमा विकणारा गृहस्थ. फक्त बाकीच्यांच्या आधी बोटं सोलून घेतलेला. दर सोमवारी तो एक पैज लावायचा. दोनच कॉर्ड, म्हणजे बोटांच्या दोनच ठेवणी, पण न थांबता. किंवा, शेजारी उठणार नाही इतक्या हळू. किंवा, उभ्यानं, चालता चालता. ज्यानं त्यानं आपलं मिनिटभराचं वाजवणं मोबाइलवर टिपून गटात टाकायचं आणि बाकीच्यांनी त्याखाली लिहायचं. लिहिण्याचा नियम एकच: दोन गोड, एक तिखट. जमलं ते दोनदा सांगायचं, जमलं नाही ते एकदा. नुसतं गोड लिहिलं तर कॅप्टन ते पुसून टाकायचा. "आपण लग्नाला आलेलो नाही," तो म्हणायचा, "जेवण छान झालं म्हणून सांगत फिरायला."

पेडलला हा नियम भयंकर आवडला. एका वयानंतर माणसाला तोंडावर खरं सांगणारं कुणी उरत नाही. सगळे एक तर मान देतात, नाहीतर टाळतात. इथं कुणी ना मान देत होतं ना टाळत होतं. सुईदोरा नावाची एक शिंपीण होती, ती टाके उसवावेत तशी प्रत्येकाची चूक बाहेर काढायची. डब्बा म्हणून एक जण होता, त्यानं आपलं पहिलं युकुलेले बिस्किटांच्या डब्याला दांडी लावून केलं होतं. आणि गोगलगाय होती. एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जायला तिला इतका वेळ लागायचा की मधे चहा करून प्यावा. ती पाळणाघर चालवायची. कॅप्टननं जोड्या लावून दिल्या तेव्हा पेडल आणि गोगलगाय जोडीला आल्या, आणि महिन्याभरात त्यांचं असं सूत जुळलं की दर रविवारी दुपारी फोन ठरलेला. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. पण नवऱ्याचं घोरणं, गुडघ्याचं दुखणं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं एकीचं दुसरीला पाठ.

तर झालं असं, की सुरुवातीच्याच एका पैजेत कॅप्टननं पेडलला तिखट दिलं: 'पहिली तार करकरते. बोट पडद्याच्या आणखी जवळ ने.' युकुलेलेच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात ते पडदे. बोट त्यांच्यापासून लांब पडलं की तार नीट दबत नाही आणि माशी अडकल्यासारखी करकरते. पेडलनं आपला व्हिडिओ पुन्हा लावला. करकर कुठे आहे? हेडफोन लावून ऐकलं. नाहीच. पुढच्या आठवड्यात सुईदोरानं तेच लिहिलं, डब्बानं तेच लिहिलं. सगळ्यांना ऐकू येत होतं ते तिला येत नव्हतं. तेव्हा मात्र ती घाबरली.

घाबरायला कारण होतं. तिच्या आईचे कान पन्नाशीतच गेले. घरात सगळे हसत असले की आई विचारायची, "काय झालं गं?" आणि कुणीतरी म्हणायचं, "काही नाही, काही नाही." चारदा ओरडून सांगण्यापेक्षा ते सोपं. पेडलसुद्धा म्हणायची. आई मग सगळे हसले की हसायची, जरा उशिरा. शेवटची कितीतरी वर्षं आई या 'काही नाही'वर जगली. आणि पेडलचं तर पोटच कानावर. कान गेले तर ती त्या खुर्चीत बसून करणार काय?

डॉक्टर तर रोज आजूबाजूला वावरत होते. पण कान तपासायला जायचं म्हटलं की ती उद्यावर ढकलायची. नवऱ्याला विचारावं, तर तो लिफ्टचा मेकॅनिक. दोर कितव्या मजल्याजवळ झिजलाय ते खाली उभं राहून कानानं सांगणारा, आणि जरा करकर आली की लिफ्ट बंद करून पाटी लावणारा. त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला ओढत इस्पितळात नेईल. तिनं मनाशी धरलं, की खरंच फार करकरत असेल तर तो आपणहून कटकट करेलच. आणि मग एका रविवारी तिनं गोगलगायीला सगळं सांगितलं. आईचं सांगताना रडली.

"तू माझा कान हो," ती म्हणाली. "मी बोट नीट ठेवायचा सराव करते. कदाचित कान ठीक असतील, कदाचित त्या व्हिडिओत नीट उतरत नसेल. पण तू दर आठवड्याला ऐकून मला खरं सांगायचं. करकर आहे म्हणालीस की त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरांकडे जाईन. शपथ. आणि कुणाला बोलायचं नाही."

"कानोकान कळणार नाही," गोगलगाय म्हणाली. मग दोघी हसल्या.

पेडल सरावाला लागली. संध्याकाळी कामावरून आली की खिडकीपाशी बसायची, बोट पडद्याला चिकटवून तार इतकी दाबायची की बोटाच्या टोकाला घट्टे पडले. पुढच्या पैजेचा व्हिडिओ टाकला. कुणीही करकर लिहिली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. रविवारी तिनं विचारलं, "गेली?" गोगलगाय म्हणाली, "गेली बाई! अगदी खणखणीत." पेडलनं त्या दिवशी आनंदानं घरभर झाडू मारला.

महिने गेले. पैजा येत होत्या, जात होत्या. तिला गोड मिळायचं, आणि नियमाप्रमाणे तिखटही मिळायचं. 'तिखट: जरा हसत वाजवा.' 'तिखट: उजेड मागून येतो, चेहरा काळा दिसतो.' एकदा सुईदोरानं लिहिलं, 'तिखट: मागचा खिडकीचा पडदा फार मळकट वाटतो.' पेडलनं बाजारात जाऊन नवा पडदा आणला, पिवळ्या फुलांचा, आणि पुढच्या व्हिडिओत मुद्दाम जरा बाजूला सरकून बसली, पडदा दिसावा म्हणून. पडद्याचं खूप कौतुक झालं. आपल्यात आता सांगण्यासारखी चूकच उरलेली नाही, म्हणून बिचारे खिडकीवर घसरलेत, असं तिला वाटलं. माणूस खुळा व्हायचा तर असाच होतो.

कामावर मात्र टाच सारखी पेडलवर जायला लागली होती. एक वाक्य दोनदा, मग तीनदा. हेडफोन जुने झालेत म्हणून तिनं नवे मागून घेतले. एक दिवस वरच्या मजल्यावरचे सर्जन स्वतः खाली आले, हातात रिपोर्ट. "बाई," ते म्हणाले, "माझ्या पेशंटची गाठ मी साठ मिलिमीटरची सांगितली होती. तुम्ही ती आठ केलीत. नुसत्या टायपिंगनं गाठ विरघळणार असेल तर मी ऑपरेशनं बंद करतो." ते हसत होते. सही करण्याआधी नजरेला पडलं म्हणून निभावलं. पेडल कानशिलापर्यंत लाल झाली. तिनं ते डिक्टेशन पुन्हा लावलं. आठ. पुन्हा लावलं. स्वच्छ आठच.

हेडक्लार्कबाई समजुतीनं म्हणाल्या, "एकदा कान दाखवून घ्या ना. कानाचा विभाग आपल्याच इमारतीत तर आहे."

"माझ्या कानांना काही झालेलं नाही," पेडल फणकारली. "दर आठवड्याला वीस माणसं मला ऐकून सांगतात."

हेडक्लार्कबाईंना याचा अर्थ काय कळणार! त्या आपल्या फायलींकडे वळल्या. त्या रविवारी पेडलनं गोगलगायीला सरळच विचारलं. साठ-आठचं सांगितलं, आणि म्हणाली, "आता तुझ्यावर आहे सगळं. अगदी खरं सांग. पहिली तार करकरते का?"

पलीकडे कुठलंसं पोर रडत होतं, त्याला थोपटत गोगलगाय म्हणाली, "नाही गं. उगाच कशाला डोक्यात घेतेस? डॉक्टरच अर्धं तोंडातल्या तोंडात बोलतात." पेडलला इतकं हलकं वाटलं की तिनं सोमवारी पुन्हा हेडफोन चढवले आणि दणादण रिपोर्ट टाइप केले. त्यात किती साठांचे आठ झाले, ते देव जाणे.

महिन्याच्या शेवटी गटाची व्हिडिओवर बैठक व्हायची. सगळे आपापल्या चौकोनात, समोरासमोर वाजवायचं आणि तोंडानं गोड-तिखट सांगायचं. अशा बैठकीत, जो तो बोलेल ते स्क्रीनवर खाली लिहून दाखवायची सोय पेडल चालू ठेवायची. कोण बोललं त्याचं नाव आणि पुढे वाक्य. दिवसभर बोललेलं लिहिताना पाहायची सवय, म्हणून बरं पडतं, असं ती स्वतःला सांगायची. ज्याचं त्याच्याच स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे बाकीच्यांना पत्ता नव्हता.

त्या वेळची पैज होती डोळे मिटून वाजवण्याची. पेडलनं डोळे मिटले, पाठ असलेलं वाजवलं, बोटं न अडखळता जागच्या जागी पडली. डोळे उघडले तर सगळे चौकोन हसत होते. कॅप्टन म्हणाला, हात किती सैल झालाय. डब्बा म्हणाला, ताल पक्का. तिखट द्यायचं तर खुर्ची जरा खाली घ्या. मग एका नव्या माणसाची पाळी आली. निवृत्त पोस्टमन, नुकताच गटात आलेला, सगळे त्याला पोस्टमनकाका म्हणत. घरोघर खणखणीत हाका मारून आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज असा की पेडललासुद्धा खाली वाचायची गरज पडली नाही.

"बाई, दोन गोड," तो म्हणाला. "हात छान, ठेका छान. तिखट एक. तुमची पहिली तार करकरते. मी सगळ्यांचे जुने व्हिडिओ बघत होतो, तुमच्या प्रत्येक व्हिडिओत करकरते. एवढे दिवस कुणी सांगितलं कसं नाही?"

पेडल हसली. तिला खरंच वाटलं, काकांचे स्पीकर खराब असणार. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर खाली गेली.

समोरचे चौकोन अजून हसतच होते. सुईदोरानं युकुलेले उचलून तोंडापुढे धरलं होतं, तारा तपासत असल्यासारखं. खाली तिच्या नावापुढे अक्षरं उमटली: 'अहो काका, तिला कानाचं आहे. तिला गोडच सांगायचं ठरलंय.'

डब्बा: 'गोगलगाय, यांना तू सांगितलं नव्हतंस?'

गोगलगाय: 'मला वाटलं कॅप्टननं सांगितलं.'

सुईदोरा: 'माझी तर खोटी तिखटं संपली. पडद्यावर किती लिहिणार?'

कॅप्टन: 'हळू. ऐकू जाईल तिला.'

डब्बा: 'नाही जात. इतक्या हळू नाही जात.'

अक्षरांना हळू आणि मोठं यांतला फरक कळत नाही. सगळी एकाच मापाची, शिस्तीत एकाखाली एक येत होती, जशी तिच्या टेबलावर रोज यायची. पेडलला क्षणभर वाटलं, हे कुणातरी पेशंटबद्दल चाललंय. मग 'तिला' म्हणजे आपण, हे तिच्या लक्षात आलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही, काही नाही!" कॅप्टन कॅमेऱ्याजवळ येऊन, ओठ मोठे मोठे हलवत ओरडला. "नेटचा गोंधळ!"

तिला तिथेच आई आठवली. खुर्चीत बसलेली, जरा उशिरा हसणारी. पेडल हसली नाही. "तुम्ही बोलता ते मला खाली लिहून येतं," ती म्हणाली. "सगळं. कोण बोललं त्याच्या नावासकट."

खालची जागा कोरी राहिली. गोगलगायीच्या चौकोनात गोगलगाय दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. पेडलनं बैठक बंद केली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येईपर्यंत गोगलगायीचे इतके फोन येऊन गेले होते की मोबाइल तापला होता. शेवटी संध्याकाळी तिनं एक उचलला.

"पेडल, ऐक ना..."

"मोठ्यानं बोल. तुला माहीत आहेच."

"तू त्या दिवशी इतकी रडलीस ना गं. मला सांगवेना. म्हटलं, या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात सांगू. मग तू इतकी खूश झालीस. आणि पुढच्या आठवड्यात तर आणखीच अवघड झालं."

"आणि बाकीच्यांना?"

"कुणीतरी करकर लिहिलीच असती ना! मी खणखणीत म्हणणार आणि खाली सुईदोरा करकर लिहिणार. मी उघडी पडले असते. म्हणून सांगावं लागलं. आणि खरं सांगू? एकटीला ते खोटं पेलवत नव्हतं."

"म्हणून वाटून घेतलंत."

पेडलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आठवड्याआठवड्याला पाळी लावली होतीत?"

"तसं नाही... म्हणजे, एकाच माणसानं सारखं गोड लिहिलं तर तुला संशय येईल, म्हणून कॅप्टन म्हणाला..."

पेडलला एकदम तो पिवळ्या फुलांचा पडदा दिसला आणि तिचं अंग तापलं. शरमेनं की रागानं, तिलाच सांगता येईना. "तुझ्या पाळणाघरात पोर पडलं," ती म्हणाली, "डोक्याला टेंगूळ आलं, तर संध्याकाळी त्याच्या आईला काय सांगतेस? दिवसभर छान खेळलं?"

"नाही गं. तेव्हा खरं सांगावंच लागतं. पोराच्या जिवाचा प्रश्न असतो."

"आणि मी साठ-आठचं तुला सांगितलं तेव्हा? माणसांच्या गाठी होत्या त्या, गोगलगाय. मी तुला विचारून कामावर गेले होते."

मग गोगलगाय म्हणाली, "तू डॉक्टरकडे गेली असतीस, वाजवणं सोडलं असतंस. मग रविवारी मी कुणाशी बोलले असते?"

हे मात्र पेडलला खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. दया आली म्हणून खोटं बोलली असती तर कदाचित एखाद्या दिवशी माफ करता आलं असतं. ही तर स्वतःचा रविवार भरायला पेडलचे कान वापरत होती. "तुला मैत्रीण हवी होती," पेडल म्हणाली. "मला कान हवा होता. मी मैत्रिणीला कान समजले, माझंच चुकलं." आणि तिनं फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र हुंदका आला तो आलाच.

त्याच आठवड्यात ती कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. कान दाखवायचेत, एवढंच नवऱ्याला सांगितलं. का, कशावरून, हे त्यानं विचारलं नाही. निमूटपणे रजा टाकून बरोबर आला. तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं.

काचेच्या खिडकीच्या एका छोट्या खोलीत तिला बसवून हेडफोन दिले. आवाज आला की बोट वर करायचं, गेला की खाली घ्यायचं. हेडफोन घालून बसायची तिला आयुष्यभराची सवय. पण इथं पायाशी पेडल नव्हतं. निसटलेलं मागे घेता येत नव्हतं. जाड आवाजांना बोट चटचट वर जात होतं. मग आवाज बारीक होत गेले. काचेपलीकडे तंत्रज्ञ मुलगी बटणं दाबताना दिसत होती, दाबते आहे, पुन्हा दाबते आहे, आणि पेडल बोट मांडीवर ठेवून शांततेत वाट बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "बारीक आवाज तुमच्या कानांतून गेलेत," त्या म्हणाल्या. "त्यात सगळ्यात आधी 'स' जातो. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, सून म्हटलं की ऊन. यंत्रं देऊ, मदत होईल. पण जे आवाज बरेच महिने ऐकलेले नसतात ते मेंदू विसरतो. ते पुन्हा ओळखायला शिकावं लागेल, आणि सगळे परत येतील असं मी सांगत नाही. मागेच आला असतात तर बरंच सोपं गेलं असतं."

"माझं डिक्टेशनचं काम?"

"ते आता थांबवा. पुढचं पुढे बघू."

पेडलनं पदराशी चाळा केला. तिला वाटलं होतं हे ऐकताना आपण कोसळू. ती कोसळली नाही. नवऱ्यानं तिच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "घरच्यांच्या केव्हा लक्षात आलं?"

डॉक्टरांशी खोटं बोलायचं नसतं, असं मानणाऱ्या पिढीतला तो माणूस. "झाले की बरेच महिने," तो म्हणाला. "वाजवताना हिची तार करकरायची, ती हिला कळायची नाही. मी बोलणारच होतो. पण हिच्या त्या मैत्रिणीचा फोन आला. म्हणाल्या, ती मनानं खचेल, तुम्ही काही बोलू नका." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. हात तसाच तिच्या हातावर राहिला, पण एकदम जड झाला.

त्याचा नंबर पेडलनंच गोगलगायीला दिला होता. अडीअडचणीला असावा म्हणून.

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. तिकीट त्यानं काढलं. उतरताना तो नेहमीसारखा हात द्यायला थांबला, तर ती दुसऱ्या दारानं उतरली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. परक्यांनी फसवलं ते फसवलं. त्यांना ती एका चौकोनापुरती माहीत होती. पण हा माणूस रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे बसून ती करकर ऐकत होता. लिफ्टमध्ये चढणाऱ्या अनोळखी माणसांसाठी यानं पाट्या लावल्या. बायकोसाठी एक लावली नाही.

घरी आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी युकुलेले काढलं. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या.

"बस," ती म्हणाली.

"तू इतकी आनंदात होतीस गं," तो म्हणाला. "मला मोडवलं नाही."

"मी आनंदात नव्हते. मी तुम्हा सगळ्यांच्या भरवशावर होते. बस इथं, आणि बोट वर कर. करकर आली की वर, गेली की खाली."

"आता कशाला?"

"आता मला तुझ्याकडून फक्त एवढंच हवंय."

तो बसला. तिनं बोटं तारांवर ठेवली आणि तेच पाठ असलेलं गाणं सुरू केलं, डोळे उघडे ठेवून, त्याच्या हाताकडे बघत. पहिल्याच कॉर्डला त्याचं बोट वर गेलं. तिनं बोट पडद्याला आणखी चिकटवलं. त्याचं बोट वरच. तिनं तार जीव खाऊन दाबली, घट्टा दुखेपर्यंत. मग सैल सोडून पाहिली, मग मनगट वळवून पाहिलं. बोट वरच. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याचा हात भरून आला, त्यानं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. पण बोट खाली घेतलं नाही. तिच्या कानांत तेवढा वेळ सगळं गोड, गुळगुळीत वाजत होतं.

गाणं संपलं. त्यानं हात मांडीवर ठेवला.

"अगदी पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

ती गाण्याबद्दल विचारते आहे की त्या महिन्यांबद्दल, हे त्याला कळलं नाही. उत्तर दोन्हींचं एकच होतं. त्यानं होय म्हणून मान हलवली.